वसईचा दुभाषी गोन्सालो गार्सिया

भाईंदर सोडून आगगाडी वसईची खाडी ओलांडते, तेव्हा पहिले स्थानक लागते ते नायगाव. या खाडीच्या मुखाशी वसईचा जुना किल्ला आहे. याच वसईत सुमारे १५५७ साली गोन्सालो गार्सिया जन्मास आला. त्याचा बाप पोर्तुगीज होता व आई वसईकडील. गोन्सालो रोमन कॅथलिक मंडळीचा; तिने १८६२ साली त्यास संतपद दिले. संतांकडे प्रार्थना करणे ही आपली रीत नव्हे. तथापि ख्रिस्ताची साक्ष देताना ज्याने आपला प्राण राखला नाही, त्याचे चरित्र कोणत्याही मंडळीतील विश्वासणाऱ्याने आदराने वाचावे असेच आहे.

वसईतील जेसुइट पाद्र्यांपाशी त्याचे शिक्षण झाले. त्यांच्याचबरोबर तो १५७२ साली जपानास गेला. वय अवघे पंधरा. तेथे तो त्या लोकांची भाषा त्यांच्याचसारखी बोलू लागला आणि सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षकाचे काम केले. आपणास जेसुइट संघात घ्यावे अशी त्याची फार इच्छा होती. परंतु ती पूर्ण झाली नाही. तेव्हा तो व्यापारात पडला व त्यात त्यास चांगले यश आले. एवढ्यावर त्याने समाधान मानले असते तर आज त्याचे नाव कोणास ठाऊक नसते. पण मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. पाद्रीपणाची दीक्षा त्यास कधीच मिळाली नाही.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ सालीच पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता. तेथे जे उरले ते जपून, गाजावाजा न करिता काम करीत. अशा वेळी, १५९३ साली, फिलिपाइन्सच्या गव्हर्नराच्या वकिलातीबरोबर काही फ्रान्सिस्कन तेथे गेले. त्यांत गोन्सालो दुभाषी होता. ज्याच्या एका शब्दाने मुंडकी उडत, त्याच्यासमोर उभे राहून तो बोलला. राहण्याची परवानगी मिळताच या बंधूंनी क्योटो येथे देऊळ बांधिले आणि महारोग्यांसाठी रुग्णालय चालविले. ज्यांस घरच्यांनी टाकिले त्यांची शुश्रूषा करीत त्यांनी लोकांस ख्रिस्ताकडे बोलाविले.

१५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. पाद्र्यांच्या मागून परक्या राजाचे सैन्य येते, हा संशय त्या प्रसंगी बळावला. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेसुइट व सतरा जपानी विश्वासणारे, असे सव्वीस जण मरणास नेमिले गेले. त्यांत कोवळी मुलेही होती. त्यांतील बहुतेकांच्या डाव्या कानाचा लचका कापून, ऐन हिवाळ्यात, त्यांस क्योटोहून नागासाकीपर्यंत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांस वधस्तंभांवर बांधून भाल्यांनी मारिले. गोन्सालो तेव्हा सुमारे चाळीस वर्षांचा होता.

बंधुभगिनींनो, हे धैर्य एका दिवसात आले नाही. परकी भाषा शिकणे, नकार सोसूनही सेवा न सोडणे, रोग्याच्या जखमा धुणे, अशा लहान लहान कामांत ते वाढत गेले. आपल्यापैकी पुष्कळांस भाला दाखविणारा कोणी नाही. भाऊबंद काय म्हणतील, शेजारी हसतील, आपणास चार शब्द नीट बोलता येत नाहीत, एवढीच भीती असते. पण तिनेही तोंड बंद होते. गोन्सालो पाद्री नव्हता, तरी त्यास जी भाषा येत होती तीच त्याने प्रभूस दिली. तुम्हांस तुमच्या गावची भाषा येते, तीच पुरे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तरवारीची छाया पडली तेथे सुवार्तेवर संशय आला. म्हणून आपल्या आमंत्रणात जबरदस्ती नसावी, लालूच नसावी, कोणाचा उपमर्द नसावा. शेजारी आजारी असेल तर प्रथम त्याच्या उशाशी बसा. मग तो विचारील तेव्हा, भीड न धरिता, प्रभूने तुमच्यासाठी काय केले ते त्यास साध्या शब्दांत सांगा.