सर्वाधिक प्रभाव कोणाचा?
फादर थॉमस स्टीफन्स यांचे जीवन



ख्रिस्ती धर्मावर इतिहासातील कोणत्या व्यक्तीचा सर्वांत जास्त प्रभाव पडला, या विषयावर आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींनी रविवारच्या मिस्सानंतर वादविवाद घेतला. प्रभू येशूचे नाव घ्यायचे नाही, असे आधीच ठरले होते. कारण तो तर पायाच आहे. कोणी संत पौलाची बाजू मांडली, कोणी 313 साली ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाईनची. संत ऑगस्टीन आले, मार्टिन ल्यूथरही आले. रोलिंग मिलमध्ये कामाला असलेल्या एका तरुणाने तर एकोणिसाव्या शतकात आपल्या जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणाऱ्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींचे नाव घेतले. टाळ्या त्यालाच सर्वांत जास्त मिळाल्या!

शेवटी निकाल आम्ही द्यावा, असा आग्रह झाला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक सवय लागली: उत्तर देण्याआधी प्रश्नातला शब्द तपासायचा. प्रभाव म्हणजे काय? जगाचा हिशेब मांडला तर पौलाला तोड नाही. पण मराठी माणसाच्या ओठांवर ख्रिस्ताची कथा कोणी आणली, असे विचारले तर उत्तर वेगळे येते. ते नाव त्या दिवशी कोणीच घेतले नाही, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथोलिक श्रद्धेवर बंदी होती. मिस्सा लपूनछपून होई, धर्मगुरूंना आश्रय देणे धोक्याचे होते. तरुण थॉमस देश सोडून रोमला गेले आणि 1575 साली येशूसंघात दाखल झाले. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बन बंदरातून ते जहाजात बसले आणि सहा महिन्यांहून अधिक काळाच्या प्रवासानंतर 24 ऑक्टोबरला गोव्याला पोहोचले. भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज ते हेच. व्यापारासाठी नव्हे, तलवार घेऊनही नव्हे, तर धर्मगुरू म्हणून ते आले. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे 1619 साली मृत्यू येईपर्यंत, ते गोव्यातच राहिले. त्यातील बहुतेक काळ साष्टी तालुक्यात गेला.

साष्टीत त्यांना काय दिसले? येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. पोर्तुगीज सत्तेने 1567 साली तेथील देवळे पाडली होती. लोकांनी आपली जुनी पुराणे बाळगू नयेत, अशी बंदी होती. लोकांच्या मनात राग होता. 25 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले, त्यांच्याबरोबर काही प्रापंचिक ख्रिस्ती लोकही. त्यांची शवे मिळवून त्यांना ख्रिस्ती रीतीने माती देण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. त्यानंतर सत्तेने कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. आपण त्या हुतात्म्यांचा आदर करतो. 1893 साली पवित्र सभेने त्यांना धन्य घोषित केले. पण किल्ल्यात मारले गेलेलेही कोणाचे तरी बाप-भाऊ होते, हे विसरून कसे चालेल?

ज्याच्या स्वतःच्या देशात त्याची श्रद्धा बंदीत होती, तो माणूस अशा ठिकाणी आला जिथे त्याच्याच बाजूच्या लोकांनी दुसऱ्यांच्या श्रद्धेवर बंदी घातली होती. हे दुःख त्यांना किती जाणवले, ते त्यांच्या मनालाच ठाऊक. त्यांनी काय केले, ते मात्र आपल्याला ठाऊक आहे. ते लोकांची भाषा शिकू लागले. कोंकणी शिकले, मराठी शिकले, ओवी छंद शिकले. बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांची एक तक्रार त्यांनी नीट ऐकली: आमची पुराणे तर गेली, मग आम्ही ऐकायचे काय, गायचे काय? त्यांच्या ग्रंथाच्या सुरुवातीला हाच प्रश्न एक श्रोता पाद्रीगुरूंना विचारतो, आणि तेथूनच कथा सुरू होते.

तो ग्रंथ म्हणजे ख्रिस्तपुराण. 1616 साली तो साष्टीतील रायतूर म्हणजेच राशोल येथे छापला गेला. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्या भागात प्रभू येशूचे जीवन. सगळ्या मिळून जवळजवळ 11,000 ओव्या! स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यांच्या ओव्या तर आपली श्रद्धा न मानणारेही कौतुकाने म्हणतात. देवनागरी टाईप मिळाले नाहीत म्हणून पुस्तक रोमन लिपीत छापावे लागले.

काळ लक्षात घ्या. ओवीतून भागवत समजावून सांगणारे संत एकनाथ पैठणला 1599 साली निवर्तले. समर्थ रामदासांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील जांबचा, 1608 सालचा. म्हणजे ख्रिस्तपुराण छापून निघाले तेव्हा जांबचा नारायण आठ वर्षांचा होता. ज्या ओवीत गोदाकाठ देवाला आळवत होता, त्याच ओवीत एका इंग्रजाने बेथलेहेमची कथा सांगितली.

पुस्तकाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, 1649 आणि 1654 साली. मग वारे फिरले. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली आणि लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे, असा हुकूम काढला. छापील प्रती नाहीशा झाल्या. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. पण लोकांनी हाताने नकला केल्या. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या वह्या सोबत नेल्या आणि उपवासकाळात त्यातल्या ओव्या गायल्या. त्या हस्तलिखितांवरूनच 1907 साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरीत तो 1956 साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी आणला. हुकूम काढणाऱ्या व्हाइसरॉयचे नाव कोणाला आठवते? ओव्या मात्र टिकल्या.

स्टीफन्स यांनी मिस्सा लॅटिनमध्येच अर्पण केला. लोकभाषेतील मिस्सासाठी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे 1962 ते 1965 या वर्षांपर्यंत थांबावे लागले. पण ती वाट आपल्याकडे त्यांनी साडेतीनशे वर्षे आधी मळायला घेतली होती.

आता आपल्याकडे पाहू या. एमआयडीसीतील आपल्या घरांत मुले इंग्रजी शाळेत जातात, आणि ते योग्यच आहे. पण आजी मराठीत प्रभूची प्रार्थना म्हणते आणि नातू इंग्रजीत. एका खोलीत असून दोघे एकत्र प्रार्थना करू शकत नाहीत. कामासाठी परराज्यांतून आलेली आपली भावंडे तर मिस्सात मागच्या बाकावर गप्प बसतात. आम्हीही दोषमुक्त नाही. संत थॉमस अक्वायनस आम्ही इंग्रजीत शिकलो. आजाऱ्याच्या उशाशी बसून साध्या मराठीत चार शब्द बोलताना आजही अडखळतो. परदेशातून आलेल्या माणसाने आपली भाषा शिकण्यात आयुष्य घालवले. आपल्याला एकमेकांची भाषा ऐकायला आठवड्यातून अर्धा तास मिळू नये?

तेव्हा आमचा निकाल असा: वादविवाद संत पौलाची बाजू मांडणाऱ्याने जिंकला. मात्र या आठवड्यात प्रत्येक घरात एका संध्याकाळी घरातील सर्वांत वडील माणसाच्या भाषेत प्रार्थना व्हावी आणि ती मुलांनी त्यांच्याकडूनच शिकावी. ज्यांची भाषा मराठी नाही, त्यांनी आपल्या भाषेतील एक भक्तिगीत पुढच्या रविवारी आपल्या सर्वांना शिकवावे. पहिल्या बाकावर बसून ते शिकायला आम्ही तयार आहोत.

प्रभू येशू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू