पोपसमोर उभा राहिलेला कांदोळीचा मुलगा

गोवा पाहून आलेल्या माणसाला मी हटकून एक प्रश्न विचारतो. पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या इमारतीशेजारी एक पुतळा आहे, तो पाहिलात का? बहुतेकांनी पाहिलेला असतो. पायघोळ झगा घातलेला एक पुरुष, पुढं रोखलेले त्याचे हात आणि समोर भान हरपून कलंडलेली स्त्री. पुतळा कुणाचा, हे मात्र थोड्यांनाच सांगता येतं. कुणी मांत्रिक म्हणतं, कुणी जादूगार. वाचनाची आवड असलेल्याला ‘काउंट ऑफ मॉन्टे ख्रिस्तो’ आठवते. त्या कादंबरीत तुरुंगात खितपत पडलेल्या वृद्ध पाद्र्याचं नाव फारियाच आहे. पण अलेक्झांडर द्यूमाचा फारिया इटालियन आहे आणि कल्पनेतला आहे. पणजीचा फारिया खराखुरा, आपल्या मातीतला. त्याची हकिगत मला कादंबरीपेक्षाही विलक्षण वाटते.

जुझे कुस्तोदियु द फारिया याचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातल्या कांदोळी गावी झाला. वडील कायतान व्हितोरिनु हे कोलवाळचे. घराणं मूळचं सारस्वत ब्राह्मणाचं. सोळाव्या शतकात बाटलेल्या अंतू शेणवी या पूर्वजाचं नाव घरात सांगितलं जाई. आईवडिलांचं पटलं नाही. चर्चच्या परवानगीनं दोघं विभक्त झाली. आई रोझा मारिया जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. वडील लग्नाआधी धर्मगुरू होण्याचंच शिक्षण घेत होते. ते पुन्हा त्या वाटेला लागले आणि रीतसर पाद्री झाले. एका घराची अशी दोन मठांत वाटणी झाली आणि मधे उरला हा मुलगा.

वडील महत्त्वाकांक्षी होते. गोव्यात त्या काळी स्थानिक पाद्री पुष्कळ असत, पण मोठ्या जागा मिळत त्या पोर्तुगालहून आलेल्यांना. गोव्याच्या मुलानं कितीही अभ्यास केला, तरी त्याची झेप ठरलेली. म्हणून फेब्रुवारी १७७१ मध्ये पंधराव्या वर्षात असलेल्या मुलाला घेऊन कायतान व्हितोरिनु गलबतावर चढले. लिस्बन गाठायला नऊ महिने लागले. राजाची परवानगी मिळवून १७७२ मध्ये बापलेक रोमला पोचले. धर्मप्रसाराच्या कामासाठी देशोदेशीचे पाद्री तयार करणारं एक विद्यालय तिथं १६२७ पासून चालू होतं. त्या प्रपागांडा फिदे विद्यालयात जुझे दाखल झाला.

पुढची आठ वर्षं त्यानं रोममध्ये काढली. तो आला तेव्हा क्लेमेंट चौदावे पोप होते. १७७५ मध्ये पायस सहावे गादीवर आले. लॅटिन, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र असा अभ्यास चालला. वडीलही स्वस्थ बसले नाहीत; त्यांनी तिथंच डॉक्टरेट मिळवली आणि ते लिस्बनला परतले. मुलगा मागं एकटा राहिला. १२ मार्च १७८० रोजी, चोविसाव्या वर्षी, त्याला दीक्षा मिळाली. त्यानं प्रबंध लिहिला तो पोर्तुगालची राणी मारिया पहिली हिला अर्पण केला. पवित्र आत्म्यावर आणखी एक लेखन केलं, ते पोप पायस सहाव्यांना.

पोपना ते लेखन पसंत पडलं असावं. कारण पेंटेकॉस्टच्या सणाचं, म्हणजे पवित्र आत्म्याच्याच उत्सवाचं प्रवचन सिस्टीन चॅपेलमध्ये करण्याचं आमंत्रण या गोमंतकीय तरुणाला मिळालं आणि ते ऐकायला पोप स्वतः हजर राहिले. ही घटना वाचली की मी थोडा वेळ तिथंच थांबतो. डोक्यावर मायकेल अँजेलोनं रंगवलेलं छत, एका भिंतीवर त्याचंच अंतिम न्यायाचं प्रचंड चित्र. नवा पोप निवडला जातो तीच ही जागा. पायस सहावे दिसायला देखणे आणि रुबाबदार. त्यांच्यासमोर कांदोळीच्या घरात कोकणी बोलत वाढलेला एक सावळा पाद्री लॅटिनमधून बोलतो आहे. सेमिनरीतल्या कुठल्याही मुलाला पोपचं दूरून दर्शन झालं तरी जन्माचं सार्थक वाटावं. इथं तर पोप श्रोते होते आणि हा वक्ता. गोव्यात ज्याला साधी वरची जागा मिळायची मारामार, त्याचं ख्रिस्ती जगाच्या धन्यानं ऐकून घेतलं.

पण मोठ्या सभेपुढं उभं राहण्याचं दडपण असतंच. त्यावरची एक आख्यायिका गोव्यात आजही घरोघर सांगतात. फारिया लिस्बनला परतल्यावर राणीच्या चॅपेलमध्ये प्रवचनाला उभे राहिले. समोर सगळा दरबार पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा खाली बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत सुचवलं, की समोर बसलीय ती सगळी भाजी समज आणि काप. भीती पळाली, प्रवचन रंगलं. गोष्ट खरी की रचलेली, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण तिच्यातलं मर्म फारियांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला लागू पडतं. एका शब्दानं माणसाचं मन इतकं कसं पालटतं? ताकद शब्दात होती, बोलणाऱ्यात होती, की ऐकणाऱ्यात?

उत्तर सापडायला बरीच वर्षं जायची होती. मधल्या काळात जुनं दुखणं उफाळून आलं. रोममध्ये मिळालेला मान गोव्यात कामाला येत नव्हता. स्थानिक पाद्र्यांना बिशपपद मिळावं म्हणून लिस्बनला खेटे घालणारे दोन गोमंतकीय पाद्री हात हलवत परतले आणि त्यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्धच कट रचला. कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून त्याला पिंटोंचं बंड म्हणतात. १७८७ मध्ये तो फुटला. सत्तेचाळीस जणांना अटक झाली. त्यांपैकी पंधरा जणांना १७८८ मध्ये पणजीत क्रूरपणे ठार मारलं गेलं. फारिया बापलेकांचे या मंडळींशी संबंध होते. लिस्बनला राहणं धोक्याचं झालं आणि १७८८ मध्ये आबे फारियांनी फ्रान्स गाठलं.

फ्रान्समध्ये लगेचच राज्यक्रांती पेटली. ५ ऑक्टोबर १७९५ रोजी पॅरिसमध्ये जो उठाव झाला, त्यात त्यांनी एका तुकडीचं नेतृत्व केलं, असं चरित्रकार सांगतात. तरुण नेपोलियननं तो उठाव तोफा डागून मोडला. नियतीचा खेळ असा, की फारियांचं प्रवचन ऐकणारे पोप पायस सहावे १७९८ मध्ये फ्रेंचांचे कैदी झाले आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या व्हालांस गावी कैदेतच वारले. सिस्टीन चॅपेलमध्ये आमनेसामने आलेले दोघं आता एकाच देशात होते. एक बंदिवान, दुसरा परागंदा.

पुढं फारियांनी दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेय आणि नीम इथं तत्त्वज्ञान शिकवलं. १८१३ मध्ये पॅरिसला परत येऊन रू द क्लिशी या रस्त्यावर त्यांनी संमोहनाचे जाहीर प्रयोग सुरू केले. त्या काळी मेस्मर या वैद्याच्या मताचा मोठा बोलबाला होता. वैद्याच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय द्रव रोग्याच्या अंगात शिरतो आणि त्यामुळं त्याला झोप लागते, बरं वाटतं, असं ते मत. फारिया असलं काही करत नसत. समोरच्याला आरामात बसवायचं, डोळे मिटून मन झोपेवर एकाग्र करायला सांगायचं आणि मग करारी आवाजात झोपण्याची आज्ञा द्यायची. कित्येकांना झोप लागे. मग ते साफ सांगत, की माझ्यात कसलीही शक्ती नाही. जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात, त्याच्या कल्पनेच्या आणि विश्वासाच्या बळावर.

विचार करा, केवढं धाडस हे! बाबा-महाराज आपली शक्ती वाढवून सांगतात. हा माणूस ती नाकारत होता. लोकांना मात्र चमत्कार हवा होता. मेस्मरपंथी त्यांच्यावर रागावले, धर्मनिष्ठांना यात सैतान दिसला, वर्तमानपत्रांनी भोंदू ठरवलं. शातोब्रियां या मोठ्या लेखकानं त्यांची थट्टा आपल्या आठवणींत लिहून ठेवली. एका मेजवानीत फारियांनी म्हणे नजरेच्या बळावर कॅनरी पक्षी मारून दाखवायची बढाई मारली आणि पक्षीच वरचढ ठरला. एका नटानं संमोहित झाल्याचं सोंग आणून त्यांची फजिती केली. १८१६ मध्ये तर रंगभूमीवर त्यांची टर उडवणारं नाटकच आलं. प्रयोगांची गर्दी ओसरली. अखेर मुलींच्या एका वसतिशाळेत चॅपलिन म्हणून त्यांनी दिवस काढले.

तिथंच त्यांनी आपला ग्रंथ लिहिला. ते या अवस्थेला सजग निद्रा म्हणत. ग्रंथ तिच्या कारणांवर होता. मुखपृष्ठावर डॉक्टर, प्राध्यापक या बिरुदांबरोबर त्यांनी आपल्या नावापुढं ब्राह्मण असंही छापलं. अर्धशतक युरोपात घालवलेल्या पाद्र्याला मूळ विसरता आलं नव्हतं, की मुद्दाम मिरवायचं होतं, कोण जाणे. चार खंडांचा बेत होता. पहिला १८१९ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.

न्याय उशिरा मिळाला. विद्येला हिप्नॉटिझम हे नाव १८४० च्या दशकात जेम्स ब्रेड यांनी दिलं. पुढं फ्रान्समधल्या नान्सी गावचे डॉक्टर लिएबो आणि बर्नहाइम यांनी सूचनेचं शास्त्र उभं केलं, तेव्हा फारियांचं म्हणणं खरं ठरलं. बर्नहाइम यांनी त्यांचं श्रेयही मान्य केलं. याच नान्सीला १८८९ मध्ये फ्रॉइड शिकायला गेले होते. डॉ. दाल्गादु या गोमंतकीय वैद्यानं १९०६ मध्ये मूळ ग्रंथ पुन्हा छापला. १९४९ चं नोबेल मिळवणारे पोर्तुगीज मज्जाशास्त्रज्ञ एगास मोनीझ यांनी त्यांचं चरित्र लिहिलं.

मला राहून राहून वाटतं, या शोधाची मुळं त्या सिस्टीन चॅपेलमध्ये असावीत. लहानपणापासून त्यांनी अधिकाराचे झगे पाहिले होते. झग्यापुढं माणसं कशी झुकतात हेही पाहिलं होतं. स्वतः सर्वांत मोठ्या झग्यासमोर उभं राहून बोलल्यावर त्यांना कळलं असेल, की वजन झग्याला नसतं, ते बघणाऱ्याच्या मनात असतं. गोव्याच्या पाद्र्याला हलकं लेखणारेही अशाच एका समजुतीच्या झोपेत होते.

पॅरिसच्या मोंमार्त्रमध्ये या माणसाला मूठमाती मिळाली. थडग्यावर नाव नव्हतं, त्यामुळं फूल वाहायलाही जागा उरलेली नाही. पण शस्त्रक्रियेआधी घाबरलेल्या रोग्याला धीर देणारा डॉक्टर किंवा परीक्षेच्या सकाळी पोराच्या पाठीवर हात ठेवणारी आई, नकळत त्यांचाच धडा गिरवत असते.