डिग्री नव्हती, पण अख्खं शहर मिळालं!

आर्किटेक्चर करणारा एखादा मित्र असेल, तर ल कॉर्बुझिए हे नाव तुम्ही दहा वेळा तरी ऐकलं असेल. खरं नाव शार्ल-एदुआर जानरे. घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या ला शो-द-फों या स्विस गावात १८८७ साली त्याचा जन्म झाला. वडील घड्याळाच्या तबकड्यांवर मीनाकाम करायचे. मुलगाही नक्षीकाम शिकायला कलाशाळेत गेला, पण तिथल्या शिक्षकांनी त्याला इमारतींकडे वळवलं. आर्किटेक्चरची डिग्री त्याने कधी घेतलीच नाही.

१९२७ मध्ये जीनिव्हाच्या राष्ट्रसंघाच्या इमारतीसाठी त्याने आराखडा पाठवला. तो बाद झाला, कारण काय तर ड्रॉइंग ठरलेल्या शाईत नव्हती! (सबमिशनवाल्यांनो, तुम्ही एकटे नाही.)

मोठी सार्वजनिक जागा उभारायची संधी थेट साठीनंतर मिळाली, तीही भारतात. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला राजधानी हवी होती. आधी नेमलेल्यांपैकी मॅथ्यू नोविकी विमान अपघातात गेला आणि १९५१ मध्ये चंदीगडचं काम कॉर्बुझिएकडे आलं.

तिथलं हायकोर्ट १९५५ मध्ये सुरू झालं. कोर्ट म्हटलं की आपल्याला घुमट, कमानी, दगडी खांब आठवतात. त्याने उघडं काँक्रीट वापरलं, वर छत्रीसारखं दुहेरी छप्पर दिलं, म्हणजे मधून वारा खेळेल. दारात रंगवलेले तीन प्रचंड खांब. दिसायला भारीच! पण कोर्टरूमच्या दारांसमोर आडोसा नव्हता. तारखेला आलेला माणूस उन्हापावसात उभा. शेवटी पुढे व्हरांडा जोडावा लागला. आतला आवाज घुमू नये म्हणून त्याने भिंतींवर रंगीत गालिचे लावले, तर काही न्यायाधीशांना ते अजिबात आवडले नाहीत. माझ्या मते व्हरांड्याची चूक जास्त मोठी. कोर्टात न्यायाधीशांपेक्षा वाट बघणारेच जास्त असतात ना!

१९६५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर समुद्रात पोहताना तो गेला. वय ७७. चंदीगडचा ‘ओपन हँड’ उभा राहिला तो त्यानंतर वीस वर्षांनी. २०१६ मध्ये हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. हायकोर्ट आणि विधानसभा यांच्यामधलं भलंमोठं पटांगण त्याने लोकांसाठी मोकळं ठेवलं होतं. आता सुरक्षेमुळे तिथे फिरायचं तर आधी परवानगी काढावी लागते.