डॉ. भांडारकर : नोंदवह्यांतून भेटलेले

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नियतकालिकांच्या खोलीवर एक लाकडी माळा आहे. त्या माळ्यावर मुंबई विद्यापीठाची जुनी कॅलेंडरे रचून ठेवलेली होती. कॅलेंडर म्हणजे भिंतीवर टांगायचे नव्हे. नियम, अभ्यासक्रम, परीक्षांचे निकाल आणि पदवीधरांच्या याद्या असलेले ते विद्यापीठाचे जाडजूड वार्षिक पुस्तक. आजच्या विद्यार्थ्यांना नवल वाटेल, पण १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन होईपर्यंत बेळगाव-धारवाडकडची महाविद्यालये मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती. पुढे आपण धारवाडचे झालो आणि २०१० मध्ये बेळगावलाच राणी चन्नम्मा विद्यापीठ आले. मुंबईची कॅलेंडरे मात्र माळ्यावरच राहिली. निम्म्यांना वाळवी लागली होती. ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा यादी करावी असे ठरले आणि ते काम इतिहासाचा अध्यापक म्हणून माझ्या गळ्यात पडले.

खरे सांगायचे तर कुरकुरतच मी बसलो. पण पदवीधरांच्या यादीशी येऊन थांबलो. १८६२ या सालाखाली बी. ए. झालेल्यांची चारच नावे होती : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचे हे पहिले पीक. रानड्यांविषयी आपण शाळेपासून वाचतो. भांडारकरांचे नाव मात्र बहुतेकांना पुण्याच्या संस्थेच्या पाटीवरूनच ठाऊक असते. माझेही तसेच होते.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणला झाला. वडील सरकारी कचेरीत कारकून. त्यांची बदली रत्नागिरीला झाली म्हणून मुलाला इंग्रजी शाळा मिळाली, आणि १८५३ साली तो मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत आला. तिथे दादाभाई नौरोजी गणित शिकवत. भांडारकरांचा ओढाही गणिताकडेच होता. संस्कृतकडे ते वळले ते पुढे, दक्षिणा फेलो असताना, आणि तेही शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या सांगण्यावरून. मग पुण्यामुंबईच्या शास्त्र्यांपाशी बसून त्यांनी जुन्या पद्धतीने व्याकरण आणि न्याय पुरे केले. शास्त्र्यांची पाठांतराची शिस्त आणि इंग्रजी शाळेतली पुरावा मागण्याची सवय अशा दोन्ही गोष्टी एकाच माणसात आल्या. एम. ए. झाल्यावर सिंधमधील हैदराबाद आणि मग रत्नागिरी येथे हेडमास्तरकी केली. मुलांसाठी संस्कृतची दोन पुस्तके लिहिली. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी ‘मार्गोपदेशिके’वरच संस्कृत गिरवले असेल.

त्या काळचे मुंबई विद्यापीठ स्वतः काही शिकवत नसे. परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, एवढेच काम. सुरुवातीला त्याला स्वतःची इमारतही नव्हती. राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ साली. नवे ज्ञान शोधून काढणे हे विद्यापीठाचे काम असते, ही कल्पना इकडे रुजायची होती. ती रुजवणाऱ्यांत भांडारकर अगदी पुढे होते असे माझे मत झाले आहे, आणि त्याला कारण १८७२ सालचे त्यांचे एक छोटे लेखन. पतंजलीचा काळ कोणता, हा वाद तेव्हा युरोपात चालू होता. भांडारकरांनी ‘महाभाष्य’ उघडले आणि व्याकरणातली उदाहरणे पाहिली. वर्तमानकाळ समजावताना पतंजली पुष्यमित्राच्या यज्ञाचे उदाहरण देतो. आपल्या हयातीत घडलेली, पाहता आली असती अशी घटना कोणत्या क्रियारूपाने सांगावी हे समजावताना तो यवनांनी साकेताला घातलेल्या वेढ्याचे उदाहरण घेतो. तेव्हा तो पुष्यमित्राचा समकालीन, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. वेबरसारख्या जर्मन पंडिताशी त्यांनी यावर वाद घातला, आणि आज सामान्यतः हाच काळ धरला जातो. पाठांतर करणाऱ्या हजारोंच्या तोंडून ही उदाहरणे गेली होती. त्यांत इतिहास दडला आहे हे याच गणिताच्या विद्यार्थ्याला दिसले.

एवढी विद्वत्ता असून काय मिळाले? एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक म्हणून त्यांनी काही वर्षे काम केले होते. १८७३ साली कायमची नेमणूक झाली ती विलायतेहून नव्याने आलेल्या पीटर पीटरसन यांची. भांडारकरांना त्यांच्या हाताखाली जावे लागले. नोकरीत डावलले जाण्याचे दुःख आपल्या प्राध्यापकवर्गाला सांगायला नको! भांडारकरांनी ते कामात घातले. १८७४ साली लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेला त्यांनी नाशिकच्या शिलालेखांवर निबंध पाठवला. १८७७ साली मुंबई विद्यापीठाची पहिली विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. त्यांत संस्कृत, पाली, प्राकृत या वाटेने मराठी-गुजरातीसारख्या आजच्या भाषा कशा आल्या हे मांडले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांना कायमची जागा मिळाली ती १८८२ साली, वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षी. पुढे हस्तलिखितांच्या शोधाचे सरकारी काम आले तेव्हा मुंबई इलाखा ज्या दोघांत वाटला गेला ते दोघे म्हणजे भांडारकर आणि तेच पीटरसन.

या शोधाची कथा मला कॅलेंडरात सापडली नाही. ती पुण्यात भांडारकर संस्थेत सापडली. माझ्या संशोधनाच्या कामासाठी मी तिथे काही दिवस जात होतो. तिथल्या पोथ्यांचे क्रमांक पाहून आधी माझा गोंधळ उडाला. नुसता आकडा नसतो. त्याच्यापुढे साल असते. पाच क्रमांक, १८७५-७६ : ही ऋग्वेदाची भूर्जपत्रावरची पोथी. ते साल म्हणजे पोथी हाती आली ते साल, आणि ब्यूलर यांची काश्मीरची फेरी त्याच वर्षाची. क्रमांकापुढे १८८३-८४ दिसले की समजायचे, भांडारकरांच्या काळातली भर. त्या वर्षाच्या अहवालात गुजरातेतल्या पाटणच्या जैन भांडारांची हकिकत आहे. सरकारने १८६८ साली हे काम सुरू केले. ब्यूलर आणि कीलहॉर्न यांच्यामागून भांडारकर त्यात आले, आणि १८९१ पर्यंतच्या कामाचे त्यांचे अहवाल एकामागून एक छापले गेले. कोणती पोथी कुणाकडे आहे, विकायची तयारी आहे की नुसती उतरून घ्यायची परवानगी आहे, लेखकाचा काळ कशावरून ठरतो, सगळे त्यांत येते. मला वाटते, वंशपरंपरेने जपलेली पोथी परक्यापुढे सोडायला माणूस सहजासहजी तयार होत नसेल. अहवालाच्या कोरड्या इंग्रजीत ही घासाघीस दिसत नाही, पण ओळींच्या मागे ती असणारच.

कन्नड विभागाच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भांडारकरांनी १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला तो बव्हंशी ताम्रपटांवरून. त्यात बदामीचे चालुक्य आहेत, मान्यखेटचे राष्ट्रकूट आहेत, देवगिरीचे यादव आहेत. दोन वर्षे आधी फ्लीट यांनी कानडी जिल्ह्यांतल्या राजघराण्यांवर लिहिले होते. पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये दोन्ही ग्रंथ एकाच खंडात बांधले गेले. आज सीमेच्या अलीकडे-पलीकडे आपण जी घराणी वाटून घेतो ती या खंडात एकाच पुठ्ठ्याआड नांदतात. १९१३ च्या वैष्णव-शैव पंथांवरील ग्रंथात त्यांनी बसव आणि लिंगायत मतालाही जागा दिली आहे.

पुराव्याची ही सवय पोथ्यांपुरती राहिली नाही. १८९१ साली संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्र पेटला होता. मुलीचे लग्न आणि गर्भाधान लवकर झालेच पाहिजे असा शास्त्रार्थ विरोधक सांगत. टिळक त्या बाजूला होते. भांडारकरांनी धर्मग्रंथांतूनच आधार काढून उलट पक्ष मांडला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला. त्या काळच्या पुण्यात हे लेख लिहिण्याइतके सोपे नव्हते. प्रार्थना समाजात उपासनेला बसून तुकाराम सांगणारे पुष्कळ होते. स्वतःच्या घरात हे करणारे थोडे.

१८९३ साली ते डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले आणि तेलंगांच्या मागून मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पहिल्या चार पदवीधरांतला एक विद्यार्थी एकतीस वर्षांनी त्याच विद्यापीठाच्या प्रमुखपदी बसला. त्यांचे सगळेच पटते असे नाही. कर्झनच्या विद्यापीठ कायद्याच्या वेळी ते वरिष्ठ कायदेमंडळात सरकारच्या बाजूला होते आणि गोखले विरुद्ध बाजूला. त्या कायद्याने विद्यापीठांवर सरकारी पकड घट्ट झाली. इथे गोखल्यांचेच बरोबर होते असे मला वाटते. शिक्षणाचा दर्जा वाढावा ही भांडारकरांची तळमळ खरी, पण किल्ली कुणाच्या हाती जाते हे त्यांनी पाहायला हवे होते.

त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात संस्था उभी राहिली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला. पुढच्या वर्षी डेक्कन कॉलेजातला सरकारी पोथीसंग्रह तिथे आला, म्हणजे स्वतः जमवलेल्या पोथ्यांची त्यांची पुन्हा भेट झाली. १ एप्रिल १९१९ ला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ त्यांच्या हातून मंगलश्लोक लिहून झाला. हे काम पुरे व्हायला १९६६ साल उजाडले. २४ ऑगस्ट १९२५ ला भांडारकर गेले. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने याच संस्थेत घुसून मोडतोड केली. ऋग्वेदाच्या तिथल्या तीस पोथ्या २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्यात नोंदल्या गेल्या.

माळ्यावरची कॅलेंडरे रद्दीत गेली नाहीत. एकोणतीस प्रती वाचण्याजोग्या निघाल्या. बायंडरने त्यांतल्या अकरा बांधून दिल्या आहेत. उरलेल्या ग्रंथपालांच्या कपाटात कडुनिंबाच्या पाल्यात ठेवल्या आहेत. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी दुपारी तीननंतर यावे. हात धुऊन यावे.