बॉब मार्ली: नखाखालचा डाग आणि औषधाला दाद न देणारा मेलानोमा

बॉब मार्ली यांचा चेहरा तुम्ही टी-शर्टवर किंवा भिंतीवरच्या पोस्टरवर नक्की पाहिला असेल. रेगे संगीत जगभर पोहोचवणारे हे जमैकन गायक वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाने गेले. त्याची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती. मेलानोमा हा फक्त गोऱ्या लोकांना, उन्हामुळे होणारा आजार आहे असे तुम्हाला वाटत असेल, तर त्यांची हकीकत जरूर वाचा. पसरलेल्या मेलानोमावर आजची नवी औषधे काही काळाने का कमी पडतात, हेही त्यातून समजेल.

नाइन माइल ते जगाचे व्यासपीठ

मार्ली यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ रोजी जमैकातील नाइन माइल या डोंगराळ खेड्यात झाला. आई सेडेला कृष्णवर्णीय, तर वडील गोरे जमैकन होते. वडिलांचा सहवास त्यांना फारसा मिळाला नाही. पुढे मायलेक राजधानी किंग्स्टनमधील ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत राहायला आले. तिथेच १९६३ मध्ये पीटर टॉश आणि बनी वेलर यांच्याबरोबर त्यांचा 'वेलर्स' हा गट सुरू झाला. १९६६ मध्ये रीटा यांच्याशी त्यांचे लग्न झाले. याच काळात ते रास्ताफारी पंथाकडे वळले. १९७३ च्या 'कॅच अ फायर' या अल्बमनंतर त्यांचे नाव जमैकाबाहेर गाजू लागले.

डिसेंबर १९७६ मध्ये किंग्स्टन येथील घरात त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यातून ते वाचले, दोनच दिवसांनी ठरलेल्या कार्यक्रमात गायले आणि नंतर लंडनला गेले. 'एक्झोडस' हा अल्बम तिथलाच, १९७७ चा.

अंगठ्याचे निदान

मार्ली यांना फुटबॉलचे वेड होते. खेळताना उजव्या पायाच्या अंगठ्याला इजा झाली होती आणि ती जखम बरी होत नव्हती. १९७७ मध्ये तपासणीत नखाखाली मेलानोमा असल्याचे निदान झाले. फुटबॉलच्या दुखापतीमुळेच कर्करोग झाला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. मात्र एखाद्या दुखापतीमुळे मेलानोमा होतो असे सिद्ध झालेले नाही. बऱ्याचदा दुखापतीमुळे आधीपासून असलेल्या डागाकडे लक्ष जाते, किंवा उलट, मार लागला असेल म्हणून डागाकडे दुर्लक्ष होते.

त्यांना झालेल्या प्रकाराला ॲक्रल मेलानोमा म्हणतात. हा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या लोकांमध्ये मेलानोमा एकूण कमी आढळतो, पण झालाच तर त्यात या प्रकाराचे प्रमाण मोठे असते. भारतीयांनाही हे लागू पडते.

डॉक्टरांनी अंगठा काढून टाकण्याचा सल्ला दिला, पण मार्ली यांनी तो मानला नाही. शरीर अखंड ठेवण्याची रास्ताफारी श्रद्धा हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. नखाखालचा रोगट भाग काढून तिथे त्वचारोपण करण्यात आले. अंगठा काढला असता तर ते नक्की वाचले असते, असे आज कोणीही डॉक्टर ठामपणे सांगू शकणार नाही.

पुढची तीन वर्षे त्यांनी कामात घालवली. एप्रिल १९७८ मध्ये किंग्स्टनच्या मंचावर त्यांनी पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी नेते एडवर्ड सिआगा यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. एप्रिल १९८० मध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात ते गायले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना ते कोसळले. कर्करोग मेंदूपर्यंत पोहोचला होता. दोन दिवसांनी पिट्सबर्ग येथे त्यांनी शेवटचा कार्यक्रम केला. जर्मनीत काही महिने पर्यायी उपचार घेतल्यावर मायदेशी परतण्यासाठी ते निघाले, पण वाटेत मायामीतच ११ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

आज हा आजार झाला असता तर?

१९८० मध्ये पसरलेल्या मेलानोमावर परिणामकारक औषध जवळजवळ नव्हते. आज अशा रुग्णाच्या गाठीची जनुकीय तपासणी केली जाते. त्वचेच्या मेलानोमांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये 'बीआरएएफ' जनुकात बदल सापडतो. हे जनुक पेशीला वाढण्याचा निरोप देणाऱ्या साखळीतला एक दुवा आहे. त्यात बिघाड झाला की निरोप थांबतच नाही आणि पेशी वाढत राहतात. वेमुराफेनिब किंवा डाब्राफेनिब या गोळ्या नेमका हा दुवा अडवतात, म्हणून त्यांना लक्ष्यवेधी औषधे म्हणतात. ॲक्रल मेलानोमात मात्र हा बदल बराच कमी आढळतो. म्हणजे मार्ली यांना या गोळ्या कदाचित देताही आल्या नसत्या.

ज्यांना गोळी लागू पडते त्यांच्या गाठी काही आठवड्यांतच लहान होतात. पण एकच औषध दिले तर निम्म्या रुग्णांमध्ये साधारण सहा-सात महिन्यांत आजार पुन्हा वाढू लागतो. असे का होते?

शेतात दरवर्षी एकच तणनाशक फवारले तर काय होते, ते आठवा. बहुतेक तण जळते, पण त्याला दाद न देणारी चार रोपे उरतात आणि पुढे तीच शेतभर होतात. कर्करोगाचेही तसेच आहे. छोट्याशा गाठीतही कोट्यवधी पेशी असतात आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. औषधातून वाचलेल्या पेशी पुढीलपैकी एखादा मार्ग काढतात:

- बीआरएएफच्या वरच्या 'एनआरएएस' किंवा खालच्या 'एमईके' दुव्यात बदल होतो आणि निरोप पुन्हा पोहोचू लागतो.
- पेशी बीआरएएफच्या जास्त प्रती तयार करते, त्यामुळे औषध अपुरे पडते.
- बीआरएएफचे आखूड रूप तयार होते आणि औषध त्याला नीट अडवू शकत नाही.
- वाढीचा निरोप दुसऱ्याच साखळीतून जाऊ लागतो.
- काही पेशी संथ होऊन औषधाच्या माऱ्यात तग धरतात आणि नंतर वाढतात.

म्हणून आता डाब्राफेनिबसोबत एमईके अडवणारे ट्रामेटिनिब देतात. या जोडीमुळे आजार साधारण ११ महिने आटोक्यात राहतो, आणि मोठ्या अभ्यासांत पाच वर्षांनी सुमारे एकतृतीयांश रुग्ण हयात होते. शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारी इम्युनोथेरपी हा दुसरा मार्ग आहे. बीआरएएफ बदल असलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात आधी इम्युनोथेरपी दिलेल्यांपैकी ७२ टक्के, तर आधी गोळ्या दिलेल्यांपैकी ५२ टक्के रुग्ण दोन वर्षांनी हयात होते. ॲक्रल प्रकारात मात्र इम्युनोथेरपीचा गुण तुलनेने कमी येतो.

तुमच्या घरात कोणी ही औषधे घेत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. औषधाचा गुण येईनासा झाला तर त्यात रुग्णाची चूक नसते, पथ्य मोडल्यामुळेही ते होत नाही. गोळ्या मनाने बंद करू नका. नवी गाठ, सततची डोकेदुखी किंवा धाप लागणे असा त्रास दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

तुम्ही काय पाहावे?

औषधाला दाद न देणाऱ्या पेशी तयार होण्याची संधी आजार पसरल्यावर वाढते. डाग लहान आणि वरवरचा असताना बहुतेक वेळा शस्त्रक्रिया पुरते. म्हणून महिन्यातून एकदा अंघोळीनंतर तळपाय, बोटांमधल्या बेचक्या आणि नखे उजेडात पाहा. पुढील गोष्टी दिसल्या तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा:

- एकाच नखावर नव्याने आलेला, रुंद होत जाणारा काळा-तपकिरी पट्टा
- नखाभोवतीच्या कातडीवर पसरलेला काळेपणा
- तळपायावरचा वेड्यावाकड्या कडांचा, वाढणारा किंवा रंग बदलणारा डाग
- कुरूप किंवा चिखल्या समजून उपचार केले तरी बरी न होणारी जखम

सावळ्या वर्णाच्या अनेकांच्या बऱ्याच नखांवर फिकट पट्टे असतात, ते सहसा निरुपद्रवी असतात. ठेच लागून नखाखाली साकळलेले रक्त नख वाढेल तसे पुढे सरकते आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागते. डाग सरकत नसेल तर थांबू नका. नमुना तपासून घ्या.