विहिरीवरच्या इंजिनामागचा माणूस : शंतनुराव किर्लोस्कर

वीज यायच्या आधी विहिरीवर धडधडणारं डिझेल इंजिन आठवतंय? कित्येक गावांत त्याला इंजिन नाही, सरळ किर्लोस्करच म्हणायचे. ते इंजिन शेतापर्यंत नेणारे शंतनुराव 28 मे 1903 रोजी सोलापुरात जन्मले. वडील लक्ष्मणराव, लोखंडी नांगरवाले.

चुलतभाऊ माधवसोबत ते अमेरिकेला शिकायला गेले. माधव तिकडंच क्षयानं वारला. शंतनुराव एमआयटीची मेकॅनिकलची पदवी घेऊन 1926 ला परतले आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात कामाला लागले.

1946 मध्ये पुण्याजवळ खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. तेव्हा पिंपरी-चिंचवडला एमआयडीसी नव्हती, चाकणला तर शेतंच. नांगर ओतणं वेगळं आणि डिझेल इंजिन बनवणं वेगळं. डिझेलला पेट्रोलसारखा प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेत नोझलनं डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. इंजिनाचे मिनिटाला 1500 फेरे असले, तर नोझल 750 वेळा फवारतं, तेही चौरस सेंटिमीटरला सुमारे 200 किलोच्या दाबानं! तो दाब पंपातला प्लंजर देतो. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढी. म्हणून ही जोडी कधी अदलाबदल करायची नाही.

पण शेतकऱ्याला याचं काय? ऊस वाळतोय आणि इंजिन बंद, एवढंच त्याला दिसतं. डिझेल संपून लाईनीत हवा शिरली असेल, तर नट ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची. हे घरच्या घरी जमतं. काळा धूर आणि ठोका असेल तर नोझल गळत असेल. ते मिस्त्रीकडं टेस्टरवर लावायचं. धुक्यासारखा फवारा आला तर ठीक, थेंब पडला तर नोझल बदला. फवाऱ्यासमोर बोट मात्र धरू नका, डिझेल कातडीत घुसतं आणि बोट कापायची वेळ येते. फिल्टर वेळेवर बदलला, तर यातलं निम्मं दुखणं येतच नाही.

आता चाकणहून निघणाऱ्या नव्या डिझेल गाड्यांत दाब हजार किलोच्या वर असतो, त्या गावच्या मिस्त्रीच्या हाताबाहेर गेल्या. शंतनुरावांची इंजिनं मात्र पान्यानं खुलायची. 1965 ला त्यांना पद्मभूषण मिळालं, इंजिनं परदेशातही गेली. 24 एप्रिल 1994 ला ते वारले, तेव्हा बऱ्याच विहिरींवर विजेची मोटर बसली होती. तरी लाईट गेली की शेडमधलं जुनं इंजिन हँडल मारून चालू व्हायचंच.