सर आर्बथनॉट लेन : मोडलेल्या हाडाला पट्टी लावणारे सर्जन

अपघातात खालचा जबडा मोडला, तर आज बहुतेक वेळा तोंडाच्या आतूनच टायटॅनियमची छोटी पट्टी स्क्रूने बसवतात. पूर्वी वरचे-खालचे दात तारेने बांधून टाकायचे, आणि पेशंटने काही आठवडे नुसत्या पातळ अन्नावर काढायचे! हाडाला आतून पट्टी लावायची पद्धत रुळवणाऱ्यांत मोठे नाव लेन यांचे. पट्टीची कल्पना मात्र त्यांचीच, असे मुलांना सांगू नये. जर्मनीत हान्समान यांनी १८८६ मध्येच ती मांडली होती.

लेन यांचा जन्म १८५६ चा, स्कॉटलंडमधला. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये ते सर्जन होते. तिथे गोदी कामगार यायचे. पाय वाकडा जुळला की ओझे उचलता येईना, म्हणजे पोटच गेले. मग लेन मोडलेले हाड उघडून, सरळ करून, स्क्रूने आणि पुढे पोलादी पट्टीने जोडू लागले.

इतर डॉक्टर चिडले. त्यांची भीती खोटी नव्हती. तेव्हा अँटिबायोटिक नव्हते; जखमेत पू झाला तर पाय कापावा लागे, जीवही जाई. लेन यांचा उपाय होता कडक शिस्तीचा. जखमेला हात लावायचाच नाही, हातमोजा घातलेलाही नाही! सगळे काम लांब दांड्याच्या हत्यारांनी. पोलाद मात्र शरीरात गंजायचे. त्याला चांगला धातू मिळायला पुढची पिढी यावी लागली.

पहिल्या महायुद्धात ऑल्डरशॉटला चेहरे फुटलेले सैनिक येऊ लागले, तेव्हा तरुण गिलीज यांच्या पाठीशी लेन उभे राहिले. १९१७ मध्ये सिडकपला खास हॉस्पिटल निघाले. तिथे जबडे सांधायला मुख्यतः दातांवर बसणारे आधार वापरले. गोळीने चिघळलेल्या जखमेत पट्टी टिकणे कठीणच.

याच माणसाने बद्धकोष्ठ हे अनेक रोगांचे मूळ मानून कित्येकांचे मोठे आतडे कापून काढले, हेही धड्यात यायला हवे. तिथे ते साफ चुकले.

लेन १९४३ मध्ये वारले. जबड्याची छोटी पट्टी १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये घडली. स्ट्रासबर्गच्या शाम्पी यांनी चावताना जबडा कुठे ताणला जातो ते तपासले. ताण वरच्या, दातांकडच्या बाजूला येतो, म्हणून दातांच्या मुळांखाली लहानशी पट्टी पुरते.